ज्यू शाळेत मुलांना चांगलं वागल्याबद्दल तिकिटं... मला पटत नाहीये, काय करता येईल?

फळा_खडू · ४ जानेवारी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची ठाण्याची. गेली पाच वर्षं न्यू जर्सीत एका ज्यू डे स्कूलमधे सहावी सातवीला गणित शिकवते. डे स्कूल म्हणजे सकाळी प्रार्थना, तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ), हिब्रू आणि मग दिवसभर गणित, सायन्स, इंग्रजी असं दोन्ही एकाच छपराखाली. मी स्वतः ज्यू नाही. ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटलजवळच्या सिनेगॉगवरून (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) रोज कॉलेजला जायचे, तेवढीच काय ती ओळख होती. पण ही शाळा मला आता आपली वाटते आणि म्हणूनच हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

आमच्याकडे चारित्र्य घडवण्याला फार महत्त्व आहे, आणि ते दाखवण्यापुरतं नाही, खरंच आहे. त्यासाठी हिब्रू शब्द आहे मिदोत. एक असेल तर मिदा. मिदा म्हणजे मुळात माप. सबुरी, नम्रता, तत्परता, जबाबदारी ही सगळी मापं, प्रत्येक माणसात कमी जास्त असतात आणि आपलं माप आपण बघून नीट करायचं अशी ती कल्पना. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आवडलं होतं, कारण त्यात कुणी चांगला मुलगा आणि कुणी वाईट मुलगा असं नसतंच, सगळ्यांकडे सगळं असतं, फक्त माप बिघडलेलं असतं.

तर यावर्षी शाळेने दर महिन्याला एक मिदा ठरवली, भिंतीवर पोस्टर, आणि शिक्षकांच्या हातात निळ्या तिकिटांचा गठ्ठा. कुणी ती मिदा दाखवताना दिसलं की तिकीट द्यायचं, दहा झाली की एक दिवस होमवर्क माफ. हेतू चांगलाच आहे, ज्यांनी आणलं ती माणसं मनापासून काम करणारी आहेत.

पण नोव्हेंबरमधे काय झालं, जेवणाच्या हॉलमधे एका लहान मुलाच्या हातून पाण्याचा जग सांडला, सहावीतला एक मुलगा धावत गेला, पेपर टॉवेल आणले, गुडघ्यावर बसून सगळं पुसलं, आणि उठला तो थेट माझ्याकडे आला, हात पुढे, "तिकीट?" माझ्या खिशात नेमकी तिकिटं नव्हती. त्याचा चेहरा असा पडला की काय सांगू. आणि तो चेहरा बघून मला वाटलं की पुसायला धावताना हा मुलगा पाण्याकडे बघत होता की माझ्याकडे?

त्याच वर्गात एक मुलगी आहे, अगदी गप्प. ऑक्टोबरमधे दुसऱ्या देशातून एक नवीन मुलगी आली, इंग्रजी जेमतेम, तर ही तिला रोज मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसून अपूर्णांक समजावते, कागदाच्या पट्ट्या कापून. सहा आठवडे! तिला एकही तिकीट नाही, कारण ती जिथे बसते तिथे बघायला कुणी नसतं. मला सुद्धा योगायोगानेच कळलं.

पुढच्या महिन्यात यावर कमिटी बसणार आहे, मला बोलायला सांगितलंय. विद्यार्थी मंडळ पण आहे आमच्याकडे, पण ते पायजमा डे आणि कपकेक विकण्यापलीकडे काही ठरवत नाही. मुलांना खऱ्या अर्थाने सामील करून घ्यायचं तर काय करावं? तुमच्यातले शिक्षक, पालक, आणि इथे बेने इस्राएल (आपले कोकणातले मराठी ज्यू) मंडळी पण आहेत हे मला माहितीये, प्लीज लिहा.

---

सह्याद्रीवासी · ४ जानेवारी

ताई, धागा आवडला. मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, वीस वर्षं झाली. तुमची पोस्टरं म्हणजे आमची दहा मूल्यं. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता... व्हरांड्यात ऑइलपेंटने रंगवलेली आहेत, पोरं परिपाठात धडाधडा म्हणतात आणि म्हणून झालं की चपलांवरून मारामारी करतात. यात पोरांची चूक नाही, ऐकलेलं अंगात उतरत नसतं.

माझा अनुभव एकच, चावी द्या. आमच्याकडे एक पोरगं होतं, पुस्तकं फाडायचं, म्हणजे ठरवून फाडायचं, चित्रं काढून घ्यायचं. मी वाचनालयाच्या कपाटाची चावी त्याच्याकडे दिली. बाकी शिक्षक म्हणाले गुरुजी काय करताय. पहिला आठवडा मलाही झोप नव्हती. पण कुणी पुस्तक नेलं, कधी आणलं, पान दुमडलंय का, हे सगळं त्याने वहीत लिहायचं. पंधरा दिवसांनी त्यानेच घरून खळ आणली, गव्हाच्या पिठाची, आणि फाटलेली पुस्तकं चिकटवायला बसला. मी सांगितलं नव्हतं. ती चावी करदोट्याला बांधून फिरायचा तो.

तिकीट काय देतं? दुसऱ्याने बघितल्याचा पुरावा. चावीचं तसं नाही, कपाट उघडं राहिलं तर पुस्तकं खरोखर जातात.

---

नवगावकर · ५ जानेवारी

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, मुंबईत वाढलो, आता लोदला असतो (इस्राएल). नवगाव आमच्या सगळ्यांचंच, अलिबागजवळ जिथे आमचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं आम्ही मानतो, म्हणून हे नाव घेतलं.

ज्यू शाळा म्हटल्यावर मला माझगावची शाळा आठवणारच. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या भावांनी १८७५ साली आमच्या समाजातल्या मुलांसाठी सुरू केली, तेव्हा इस्राएलाइट स्कूल नाव होतं, नंतर सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्यांचं नाव लागलं. त्याआधी आमची मुलं शिकली ती बरीचशी मिशनऱ्यांच्या शाळांत. हिब्रू सुद्धा मिशनऱ्यांकडून शिकलो आम्ही, हे लोकांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. तेल गाळणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी शनवार तेली माणसं, त्यांच्या पोरांनी शिकावं आणि आपला धर्मही विसरू नये म्हणून ही शाळा.

माझी आत्या रेबेका रूबेन बाईंच्या वेळची विद्यार्थिनी. रूबेन बाई १९०५ च्या मॅट्रिकला मुंबई युनिव्हर्सिटीत पहिल्या आलेल्या, आणि १९२२ पासून १९५० पर्यंत या शाळेच्या मुख्याध्यापिका. एवढी मोठी विदुषी पण आयुष्य घातलं ते आमच्या गरीब पोरांच्या शाळेत. आत्याला अभ्यासातलं फारसं आठवायचं नाही म्हातारपणी, पण मोठ्या मुलीने लहान मुलींना हाताला धरून घरपर्यंत सोडायचं हे काम तिच्याकडे होतं ते बरोब्बर आठवायचं. कुठल्या गल्लीत कुणाला सोडायची, कुठल्या चाळीत कुत्रं असायचं, सगळं. नव्वदीला आली तरी ती यादी नावासकट म्हणायची आणि शेवटी म्हणायची, "एकही हरवली नाही हो माझ्या हातून."

आज त्या शाळेत ज्यू मुलं जवळजवळ नाहीतच, बहुतेक मुलं मुसलमान आहेत, भायखळ्याच्या ससून शाळेचंही तेच. आपली माणसं इकडे आली. पण शाळा चालू आहे, गल्लीतली पोरं शिकतायत, मला त्याचा अभिमान आहे. त्सेदाका (आमच्यात धर्म म्हणून द्यायचं ते) म्हणजे आपलीच पोरं मोजणं नव्हे.

आणि घरी म्हणाल तर मलिदा. एलियाहू हनाबी म्हणजे आमचा प्रेषित एलिया, त्याच्या नावाने मलिदा, म्हणजे प्रसादाचा विधी, असला की गोड पोहे कालवायचे, नारळ खवायचा, फळं मांडायची, ताट सजवायचं. आमच्याकडे फळं धुऊन पुसून मोजून मांडायची हे मुलांचं काम. आई मुद्दाम बघायला यायची नाही. एकदा केळं कमी पडलं आणि सगळी माणसं प्रार्थनेला बसलेली... मी तेव्हा आठ वर्षांचा असेन, घामाघूम होऊन वाण्याकडे पळालो ते आजही आठवतं.

---

फळा_खडू · ५ जानेवारी

नवगावकर, तुमच्या आत्याबाईंचं वाक्य मी दोनदा वाचलं. धन्यवाद. कदूरी शाळेबद्दल नाव ऐकून होते, रूबेन बाईंबद्दल काहीच माहीत नव्हतं, मराठी शाळेत शिकूनही कुणी सांगितलं नाही कधी.

सह्याद्रीवासी सर, चावीचं मनात ठेवलंय.

---

कागदी_होडी · ६ जानेवारी

या विषयावर यानुश कोरचाक यांचं नाव यायलाच हवं. पोलंडमधले ज्यू डॉक्टर. १९१२ मधे वॉर्साच्या क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी घर उघडलं, स्टेफा विल्चिन्स्का या त्यांच्या सहकारी, खरं तर रोजचं घर त्याच चालवायच्या, त्यांचं नाव राहून जातं म्हणून आधी घेते.

तिथे मुलांचं स्वतःचं कोर्ट होतं. पाच न्यायाधीश, सगळी मुलंच, आणि कोण? तर त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही तक्रार नाही अशांमधून चिठ्ठ्या टाकून. कुणीही कुणावर तक्रार करू शकायचं, मोठ्यांवर सुद्धा. कोरचाकनी स्वतः स्वतःवर तक्रारी दाखल केल्या होत्या, एक म्हणजे एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून! म्हणजे डॉक्टर, संस्थेचा प्रमुख माणूस, दहा बारा वर्षांच्या मुलांपुढे आपली चूक मांडतोय. मला वाटतं चारित्र्य शिक्षणावर याहून मोठा धडा नाही.

शिवाय नोटीस बोर्ड. त्यावर आभारांची यादी असायची आणि माफीची यादी. ज्याला जे वाटतं ते त्याने लिहायचं. नवीन मुलगा आला की जुन्या मुलाने त्याची जबाबदारी घ्यायची. १९२६ मधे त्यांनी मुलांनी लिहिलेलं साप्ताहिक वर्तमानपत्र सुरू केलं, एका ज्यू दैनिकाची शुक्रवारची पुरवणी म्हणून, ते १९३९ मधे युद्ध सुरू होईपर्यंत चाललं. मुलं गावोगावहून बातम्या पाठवायची.

आपल्याशी एक धागा पण आहे. जुलै १९४२, वॉर्सा घेट्टो (नाझींनी ज्यूंना कोंडलेली वस्ती), सगळीकडे उपासमार, तेव्हा त्या मुलांनी टागोरांचं डाकघर नाटक बसवलं होतं. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट बघतो ते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे २०० मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. कोरचाकना सुटायची संधी होती, ते आणि स्टेफा दोघंही मुलांबरोबर गेले.

याच्यापुढे काही लिहवत नाही. पण ताई, कोर्टाचा विचार करा.

---

रोखठोक_मावशी · ६ जानेवारी

कोरचाकांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते, पण पोरांच्या हातात कोर्ट देणं मला भीतीदायक वाटतं. माझ्या मुलीच्या शाळेत (नाव घेत नाही, पुण्यातली) मॉनिटरला फळ्यावर नावं लिहायचा अधिकार होता. कोण बोललं, कोण हललं. तिसरीची मुलं! जिचं मॉनिटरशी पटत नाही तिचं नाव रोज. माझी मुलगी चार महिने शाळेतून येऊन पोटात दुखतंय म्हणायची, डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, आणि शेवटी कळलं की फळा. मी बाईंना भेटले तर त्या म्हणाल्या अहो मुलांना जबाबदारी नको का द्यायला.

म्हणून सांगते, जबाबदारी आणि सत्ता यात फरक करा. कपाटाची चावी वेगळी आणि दुसऱ्या पोरावर शिक्का मारायचा खडू वेगळा. तुमच्या गप्प मुलीसारखी पोरं अशा व्यवस्थेत पहिली भरडली जातात.

---

सह्याद्रीवासी · ६ जानेवारी

मावशींशी शंभर टक्के सहमत. फळ्यावर नावं लिहिणं मी माझ्या वर्गात बंद केलं त्याला बारा वर्षं झाली.

---

कागदी_होडी · ७ जानेवारी

मावशी, तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं, हे फार शाळांमधे होतं. पण कोरचाकांच्या कोर्टात एक गोष्ट होती जी मी लिहायची राहिले. त्यांच्या संहितेत बहुतेक कलमं माफ करायचीच होती. चुकून झालं म्हणून माफ, त्याला माहीत नव्हतं म्हणून माफ, पुन्हा करणार नाही म्हणतो म्हणून माफ. कडक कलमं अगदी शेवटी, आणि ती क्वचितच लागायची. आणि न्यायाधीश दर आठवड्याला बदलणार, आज मी तुझा निवाडा करतोय तर पुढच्या आठवड्यात तू माझा. मॉनिटर कायमचा असतो, तिथेच गडबड होते.

तरीही मान्य, निवासी घरातलं जसंच्या तसं डे स्कूलमधे उचलून आणता येणार नाही. बोर्ड मात्र आणता येईल.

---

अश्दोदची_आई · ८ जानेवारी

मी पण लिहिते थोडं. इकडे इस्राएलमधे हायस्कूलला मुलांना समाजकार्याचे तास भरावे लागतात, दहावीपासून, बाग्रूत म्हणजे आपल्या बोर्डाच्या सर्टिफिकेटसाठी ते लागतात. माझ्या मुलाला वर्षाला ६० तास होते. कल्पना उत्तम, पण तासांचं पण तिकीटच होतं हो. आधी त्याला जिथे पाठवलं तिथे तो जायचा, मोबाईल बघत बसायचा, सही घेऊन यायचा. मी शाळेशी बोलले, तर कागद पूर्ण आहे ना मग झालं असं उत्तर मिळालं.

मग मीच त्याला आमच्या इथल्या वृद्धाश्रमात नेलं, तिथे बेने इस्राएल म्हातारी माणसं बरीच आहेत. एक आजी होत्या, मूळच्या पेणकडच्या, हिब्रू विसरत चालल्या होत्या, शेवटी शेवटी माणूस आपल्या पहिल्या भाषेत जातो म्हणतात ना तसं. तिथल्या नर्सना कळायचंच नाही त्या काय मागतात. माझ्या मुलाला मराठी तोडकं येतं, माझ्यामुळे. पहिल्याच दिवशी आजींनी त्याला विचारलं, "जेवलास का रे?" आणि हा म्हणाला, "हो आजी, पोळी भाजी." त्या रडायलाच लागल्या.

पुढे तो दर मंगळवारी जायचा. नर्सना त्याने एका कागदावर हिब्रू अक्षरांत मराठी शब्द लिहून दिले, पाणी, दुखतंय, थंडी वाजते, उशी, लघवी. तो कागद आजींच्या पलंगाशी चिकटवलेला होता. ६० तास कधी झाले त्याला आठवतही नाही, फॉर्म मीच नेऊन दिला शाळेत. आजी गेल्या मागच्या वर्षी. तो आता आर्मीत आहे, सुट्टीत आला की अजून त्या मजल्यावर जाऊन येतो.

माझं म्हणणं एवढंच की मुलाला असं काम द्या जे त्याच्याशिवाय अडेल. माझा मुलगा नव्हे तर दुसरा कुणी असता तर आजींना पाणी मिळालं नसतं, हे त्याला समजलं होतं.

---

फळा_खडू · ११ जानेवारी

तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंय. अश्दोदची आई, तो शब्दांचा कागद डोळ्यापुढून हलत नाहीये.

मी आमच्या शाळेतल्या रब्बींशी (ज्यू धर्मगुरू) बोलले, ते तोरा शिकवतात, साठीचे आहेत, फार शांत माणूस. त्यांना तिकिटाचा किस्सा सांगितला तर त्यांनी कपाटातून एक जुनं छोटं पुस्तक काढलं. १८०८ सालचं मूळ पुस्तक, मेनाखेम मेंडेल लेफिन यांचं, नावाचा अर्थ मनाचा हिशोब. तेरा मिदोत घ्यायच्या, एका आठवड्याला एक, रोज रात्री वहीत आपण कुठे घसरलो तिथे ठिपका द्यायचा. तेरा आठवडे झाले की पुन्हा पहिली. म्हणजे वर्षात चार फेऱ्या बरोबर बसतात, तेरा चोक बावन्न (माझ्यातल्या गणिताच्या बाईला हे लगेच दिसलं). मूळ पद्धत बेंजामिन फ्रँकलिनची, लेफिन यांनी ती घेऊन ज्यू शिकवणुकीत बसवली, आणि पुढे लिथुएनियात रब्बी इस्राएल सलांतेर यांनी मुसार नावाची चारित्र्य घडवण्याची जी चळवळ सुरू केली तिच्यात हे पुस्तक खूप वापरलं गेलं.

रब्बी मला म्हणाले, यात बघ, ठिपका कोण देतं? ज्याचा त्याने. दुसऱ्याने दिलेला ठिपका यात बसतच नाही.

अजून एक ते म्हणाले ते मला फार पटलं. आमच्याकडे तोरा, तलमूद (धर्मनियमांच्या चर्चेचा ग्रंथ) जोडीने शिकतात, त्याला खाव्रूता म्हणतात. दोघं समोरासमोर, मधे एक पुस्तक, आणि मोठमोठ्याने वाद. पहिल्यांदा मी त्या वर्गात गेले तेव्हा मला वाटलं भांडण चाललंय. नियम असा की समोरच्याचं म्हणणं आधी त्याला पटेल असं मांडून दाखवायचं, मगच खोडायचं. रब्बी म्हणाले की तुझी गप्प मुलगी आणि ती नवीन मुलगी जिन्याखाली जे करतात ती खाव्रूताच आहे, शाळेत सगळ्यात चांगली चाललेली. त्यांना तिकीट देऊ नको, जिन्याखालचा दिवा गेलाय तो बदलून दे.

दिवा दुसऱ्या दिवशी बदलून घेतला.

आता कमिटीपुढे मी दोनच गोष्टी मांडणार आहे. एक, त्सेदाकाचे पैसे कुठे द्यायचे हे सहावी सातवीच्या मुलांनी ठरवायचं, मोठ्यांनी नाही. आमच्याकडे रोज सकाळी डबा फिरतो, मुलं नाणी टाकतात, वर्षाखेरी ऑफिस कुठल्या तरी संस्थेला चेक पाठवतं आणि मुलांना पत्ताही नसतो. त्सेदाका या शब्दाचं मूळ न्याय या शब्दात आहे, दान म्हणून कुणावर उपकार करायचा नसून देणं लागतो म्हणून द्यायचं, हे आम्ही त्यांना शिकवतो आणि निर्णय मात्र ऑफिसात. दोन, कोरचाकांचा आभाराचा बोर्ड. कोर्ट नको, मावशींचं ऐकते.

---

रोखठोक_मावशी · ११ जानेवारी

दिव्याचं वाचून बरं वाटलं. पैसे मोजताना एक मोठं माणूस बरोबर असू दे, पोरांवर नाही तर आळ यायला वेळ लागत नाही.

---

नवगावकर · १२ जानेवारी

रब्बींना माझा शालोम सांगा. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत मांडवीला पहिली बांधली, मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच असं आम्ही सांगतो. तिथेही डबा असायचा आणि तो कुणापुढे धरायचा ते मुलांचं काम असायचं. पुढचं काय होतं ते नक्की लिहा.

---

फळा_खडू · १ मार्च

सॉरी, उशीर झाला, पण सांगण्यासारखं बरंच आहे.

कमिटीने तिकिटं पूर्ण बंद केली नाहीत, लहान वर्गांना चालू आहेत, मोठ्या वर्गांना बंद. त्सेदाकाचं मान्य झालं, प्रयोग म्हणून एका सत्रापुरतं. ४१२ डॉलर होते. सोळा मुलं, मी आणि रब्बी मागे खुर्च्या टाकून बसायचे, बोलायचं नाही असं ठरलं. रब्बींना ते सोपं गेलं, मला फार जड.

आधी मुलांनी रामबाम म्हणजे मैमोनिदेस, मध्ययुगातले मोठे ज्यू विद्वान, यांच्या दानाच्या आठ पायऱ्या वाचल्या. सगळ्यात वरची पायरी अशी की माणसाला स्वतःच्या पायावर उभं करायचं, कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन, किंवा काम मिळवून देऊन, म्हणजे त्याला पुन्हा मागावंच लागणार नाही. लगेच अर्धी मुलं म्हणाली की मग अन्नवाटप केंद्राला का द्यायचं, ती तर खालची पायरी झाली. आणि मग तोच मुलगा, पाणी पुसणारा, म्हणाला, "पण भूक तर आज लागते ना." दोन तास चाललं. कुत्र्यांच्या आश्रमासाठी एक मुलगी जवळजवळ रडली. शेवटी ३०० चे डबाबंद पदार्थ घेऊन अन्नवाटप केंद्राला आणि ११२ गेमाखला. गेमाख म्हणजे बिनव्याजी कर्ज देणारा समाजाचा फंड, आपला बचत गट समजा पण व्याज अजिबात नाही.

केंद्राला फोन करून वेळ घ्यायची जबाबदारी त्या मुलाने घेतली. आणि तो विसरला. पालकांनी गाडी काढून डबे आणले, खोकी कॉरिडॉरमधे, आणि केंद्रात कुणाला काही माहीत नाही, त्यात पुढे मोठा वीकेंड. मी फोन हातात घेतला होता, एका मिनिटाचं काम होतं. रब्बींनी नुसती मान हलवली. चार दिवस ती खोकी तिथे होती, येता जाता सगळी शाळा बघत होती. मला पोटात कालवत होतं, मुलाला शिक्षा केल्यासारखं तर होत नाहीये ना.

मंगळवारी तो सकाळी प्रार्थनेनंतर आपणहून उभा राहिला, कान लाल झालेले, आणि म्हणाला मी फोन करायला विसरलो, ती खोकी माझ्यामुळे तिथे आहेत, आज मी केला, ते मंगळवार आणि गुरुवारीच घेतात, गुरुवारी चार वाजता कुणी येणार का. मी वाट बघत होते की कुणीतरी हसेल. अकरा हात वर झाले.

गुरुवारी केंद्रातल्या बाईंनी त्यालाच पावती दिली. त्याने ती दोन्ही हातांनी धरली होती गाडीत, घडी पडू नये म्हणून.

---

अश्दोदची_आई · १ मार्च

फोन न केल्याबद्दल तुमच्या रब्बींचे आणि तुमचे आभार. मला नसतं जमलं.

---

कागदी_होडी · २ मार्च

आणि बोर्ड?

---

फळा_खडू · २ मार्च

बोर्ड लावलाय पाण्याच्या कूलरशेजारी. पहिले दहा दिवस फक्त मैत्रिणी मैत्रिणींना लिहीत होत्या, बदामाची चित्रं वगैरे. मला वाटलं हे पण वाया जाणार. माफीच्या बाजूला कुणी हातच लावत नव्हतं, म्हणून मी स्वतः लिहिलं. एका मुलावर मी कॉपीचा संशय घेतला होता आणि ते चूक होतं, त्याचं नाव न घालता, "माझ्या वर्गातल्या एकाला" असं लिहिलं, त्याला आधी विचारून. त्यानंतर हळूहळू तिथे चिठ्ठ्या यायला लागल्या. पाठीमागे बोलल्याबद्दल बऱ्याच आहेत. त्याला इकडे लाशोन हारा म्हणतात आणि फार मोठा दोष मानतात, आपल्या कुचाळक्या आणि चहाड्या दोन्ही त्यात आल्या.

तिसऱ्या आठवड्यात नवीन मुलीची चिठ्ठी दिसली. इंग्रजी मोडकं, अक्षर मोठं मोठं. "जिन्याखाली रोज थँक्यू. आता तीन चतुर्थांश माझं." आणि खाली त्या गप्प मुलीचं नाव, स्पेलिंग चुकलेलं.

ती मुलगी बोर्डापुढे बराच वेळ उभी होती. कमिटीत ये म्हणून मी तिला दोनदा विचारलं होतं, नको म्हणाली, तिला खरंच नको आहे, आणि मी आता विचारणार नाही. तिने खिशातून पेन्सिल काढली, आपल्या नावातलं राहिलेलं अक्षर हळूच वर लिहिलं, आणि वर्गात गेली.

---

सह्याद्रीवासी · ३ मार्च

ताई, मी पण व्हरांड्यात करतोय हे, दहा मूल्यांच्या खालीच जागा आहे. फळा वापरू का कागद? फळा स्वस्त पडतो.

---

फळा_खडू · ३ मार्च

कागदच वापरा सर. पाठकोरे चालतील. फळ्यावरचं दुसऱ्या दिवशी पुसलं जातं, आणि आमच्याकडे मुलं महिना झाला की आपली चिठ्ठी घरी न्यायला मागतात.